घर चाकांवर, जमीन मात्र दुसऱ्याची

निवृत्तीनंतर राहते घर विकून 'आरव्ही'त संसार थाटणारी अनेक दाम्पत्ये अमेरिकेत आहेत. भटकंतीचा हुरूप ओसरल्यावर ही मंडळी एखाद्या आरव्ही पार्कमध्ये मुक्काम टाकतात, तेव्हा वीज-पाण्याच्या जोडण्यांबरोबरच पत्ता, डॉक्टर आणि भाडेकरार हे प्रश्नही त्यांच्यापुढे उभे राहतात.

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात फीनिक्सच्या पूर्वेला मेसा आणि अपाचे जंक्शन ही शहरे आहेत. ऑक्टोबर महिना लागला की तिकडे जाणाऱ्या रस्त्यांवर मिनेसोटा, आयोवा, डकोटा अशा उत्तरेकडील राज्यांच्या नंबरप्लेटची अवजड वाहने दिसू लागतात. त्यांत कॅनडातून आलेलीही असतात. बर्फ आणि हाडे गोठवणारी थंडी टाळण्यासाठी दक्षिणेकडे येणाऱ्या या ज्येष्ठांना तिकडे 'स्नोबर्ड' म्हणतात. वसंत ऋतू आला की त्यांतील बहुतेक जण आपापल्या गावी परततात. काही दाम्पत्यांचे मात्र गावाकडे परतण्यासारखे घरच उरलेले नसते. मुले मार्गी लागल्यावर तीस-पस्तीस वर्षे राहते असलेले घर त्यांनी विकलेले असते, सामान मुलांत आणि धर्मादाय संस्थांत वाटून टाकलेले असते, आणि उरलेला संसार चाकांवर चढवलेला असतो. अशा दाम्पत्यांच्या दृष्टीने आरव्ही पार्क म्हणजे सुटीतला तळ राहत नाही. ते त्यांचे गाव होते.

आरव्ही म्हणजे 'रिक्रिएशनल व्हेइकल'. मूळ कल्पना सहलीची, म्हणून नावात 'रिक्रिएशन' आले. स्वतःचे इंजिन असलेली, बसच्या आकाराची ती मोटरहोम. मोटारीमागे ओढायची ती ट्रॅव्हल ट्रेलर. आणि पिकअप ट्रकच्या हौद्यात जिचा जोड बसतो ती फिफ्थ व्हील, असे तिचे ढोबळ प्रकार. रस्त्यावर साडेआठ फुटांपेक्षा रुंद वाहन सहसा चालत नाही. त्यामुळे मुक्कामी पोहोचल्यावर भिंतीचा एखादा भाग बटण दाबून बाहेर सरकवायचा आणि खोली मोठी करायची, अशी सोय त्यात असते. स्वयंपाकघर, न्हाणीघर, पलंग, दोन खुर्च्या. मुंबईच्या वाचकाने वन रूम किचन डोळ्यांसमोर आणावे आणि त्याला चाके लावावीत, म्हणजे बरेचसे चित्र उभे राहील. इंडियाना राज्यातील एल्कहार्ट हे या धंद्याचे माहेरघर मानले जाते. करोनाच्या साथीनंतर, २०२१ मध्ये, अमेरिकेतील कारखान्यांतून ६ लाखांहून अधिक आरव्ही बाहेर पडल्या आणि तो विक्रम ठरला. २०२३ मध्ये हाच आकडा सुमारे ३ लाख १३ हजारांवर उतरला. अर्थात, यांतील बहुसंख्य गाड्या वर्षातून काही आठवडेच वापरल्या जातात. बाराही महिने तीत राहणाऱ्यांना 'फुल-टायमर' म्हणतात, आणि त्यांत निवृत्तांचा भरणा मोठा आहे.

पहिल्या दिवसाचे सोपस्कार

नव्या पार्कमध्ये पोहोचलेल्या दाम्पत्याला प्रथम कार्यालयात जाऊन नोंदणी करावी लागते. जागेचा क्रमांक, नकाशा आणि नियमांचे काही कागद हाती पडतात. पार्कातील रस्त्यावर वाहनाचा वेग किती असावा, कुत्रे किती आणि केवढे चालेल, कपडे उघड्यावर वाळत घालावेत की नाही, रात्री कोणत्या वेळेनंतर शांतता पाळायची, हे सारे त्यात लिहिलेले असते. अनेक पार्क दहा वर्षांपेक्षा जुनी गाडी घेत नाहीत, किंवा तिचे छायाचित्र पाहून निर्णय देतात. ज्येष्ठांसाठीच्या पार्कमध्ये वयाचा पुरावाही मागितला जातो. अमेरिकेत कुटुंबात मुले आहेत म्हणून जागा नाकारणे १९८८ पासून बेकायदा आहे. तथापि १९९५ च्या कायद्यानुसार, ज्या वसाहतीतील राहत्या घरांपैकी किमान ८० टक्के घरांत ५५ वर्षांवरील एक तरी व्यक्ती राहते, तिला यातून सूट मिळते. उरलेल्या २० टक्क्यांच्या मोकळिकीचे महत्त्व दाम्पत्याला सुरुवातीला जाणवत नाही. वयाची अट पूर्ण करणारा जोडीदार निवर्तला आणि मागे राहिलेली व्यक्ती पन्नाशीची असली, की तिला तेथेच राहू द्यायचे की नाही, हा प्रश्न याच मोकळिकीत सुटतो.

त्यानंतर गाडी जागेवर लावण्याचा प्रसंग. चाळीस फुटांची फिफ्थ व्हील उलट दिशेने अरुंद जागेत शिरवणे हे काम सोपे नाही. पती चाकावर आणि पत्नी मागे उभी राहून हातवारे करणारी, किंवा उलट, हे दृश्य शेजारी खुर्च्या टाकून पाहतात, असा तेथील नेहमीचा विनोद आहे. त्यातला जुना आणि शहाणपणाचा नियम एवढाच, की मागची व्यक्ती आरशात दिसेनाशी झाली की गाडी त्याच क्षणी थांबवायची. गाडी थांबली की ती समपातळीत आणावी लागते. गॅसवर चालणारा जुन्या पद्धतीचा फ्रीज तिरका राहिला तर त्याची थंड करणारी यंत्रणाच बिघडते, त्यामुळे हा केवळ सोयीचा भाग नव्हे.

मग जोडण्या. प्रत्येक जागेशी विजेचा एक बुटका खांब असतो. त्यावर सामान्यतः ३० आणि ५० अँपिअरची बटणे असतात. ३० अँपिअरच्या जोडणीत १२० व्होल्टची एकच वाहिनी येते, म्हणजे ३,६०० वॅटपर्यंत वीज मिळते. ५० अँपिअरच्या जोडणीत अशा दोन वाहिन्या असतात आणि एकूण १२,००० वॅटपर्यंत वीज उपलब्ध होते. आकड्यांवरून फरक दीडपटीहून थोडा अधिक वाटतो. प्रत्यक्षात तो तिपटीहून अधिक आहे. ३० अँपिअरवर एक वातानुकूलन यंत्र चालू असताना मायक्रोवेव्ह लावला की खटका पडू शकतो. अनुभवी मंडळी गाडीची तार थेट खांबाला लावीत नाहीत. तार उलटी जोडलेली किंवा दाब कमी-जास्त असेल तर वीज तोडणारे एक उपकरण ते मध्ये बसवतात.

पाण्याच्या नळालाही दाब कमी करणारी तोटी लावावी लागते. आरव्हीतील नळयोजना साधारणतः दर चौरस इंचाला ४० ते ६० पौंड दाब गृहीत धरून केलेली असते, तर पार्कच्या नळाला त्याहून जास्त दाब असू शकतो. पिण्याच्या पाण्याची नळी वेगळी, बहुधा पांढऱ्या रंगाची, आणि ती दुसऱ्या कोणत्याही कामाला वापरायची नाही हा घरचा दंडक.

सर्वांत जास्त चुका होतात त्या मैलापाण्याच्या बाबतीत. गाडीखाली दोन टाक्या असतात. एकीत संडासाचे, दुसरीत मोरीचे आणि भांड्यांचे पाणी. पार्कमध्ये गटाराची जोडणी कायमचीच असल्याने नवखे लोक दोन्ही व्हॉल्व्ह उघडे ठेवून मोकळे होतात. मोरीच्या पाण्याचे तसे केल्यास फारसे बिघडत नाही. संडासाची टाकी उघडी राहिली तर पाणी वाहून जाते, घन भाग मात्र तळाशी साचून घट्ट होत जातो, आणि काही महिन्यांनी तो निघता निघत नाही. म्हणून ती टाकी बरीचशी भरेपर्यंत बंद ठेवायची, मग एकदम सोडायची आणि लगेच मोरीची टाकी सोडून नळी धुऊन घ्यायची. लग्नाला चाळीस वर्षे झालेल्या जोडप्यांना उतारवयात ही नवी विद्या शिकावी लागते.

आठवडा-दोन आठवडे राहणाऱ्यांच्या भाड्यात वीज बहुधा धरलेली असते. महिन्याच्या किंवा हंगामाच्या भाड्यावर राहणाऱ्यांचा मीटर वेगळा वाचला जातो. एकूण भाडे बरेच स्वस्त पडते, पण मे ते सप्टेंबरचे वीजबिल स्वतःच्या खिशातून जाते.

पत्ता कुठला?

जोडण्या दोन तासांत होतात. पत्त्याचा प्रश्न इतक्या लवकर सुटत नाही. ज्याचे घर चाकांवर आहे, त्याचे अधिवासाचे राज्य कोणते? वाहनपरवाना, विमा, प्राप्तिकर, मतदान, न्यायालयाचे समन्स, यांतले काहीही पत्त्यावाचून अडते. फुल-टायमर मंडळी त्यासाठी सामान्यतः टेक्सास, फ्लोरिडा किंवा साउथ डकोटा या तीन राज्यांपैकी एक निवडतात. तिन्ही राज्यांत वैयक्तिक उत्पन्नावर राज्याचा कर नाही, आणि तिन्ही ठिकाणी टपाल स्वीकारून ते ग्राहक असेल तिथे पाठवणाऱ्या संस्था आहेत. साउथ डकोटाची तर यासाठी अनेक वर्षे ख्याती आहे. राज्यात एक रात्र मुक्काम केल्याची हॉटेलची किंवा कॅम्पची पावती दाखवून तेथे वाहनपरवाना काढता येतो, हे त्याचे कारण. मात्र मतदारयादीत नाव घालण्यासाठी तेथील विधिमंडळाने २०२३ मध्ये ३० दिवसांच्या वास्तव्याची अट घातली. साहजिकच, फिरत्या मतदाराला मताचा अधिकार नेमका कुठे, हा वाद तेथे मिटलेला नाही.

आरोग्यविम्याचे गणित याच पत्त्याशी जोडलेले आहे. पासष्टीनंतर मिळणारी मूळ 'मेडिकेअर' योजना देशभरात, ती स्वीकारणाऱ्या कोणत्याही डॉक्टरकडे चालते. खासगी कंपन्यांमार्फत मिळणाऱ्या 'मेडिकेअर ॲडव्हान्टेज' योजना मात्र बहुधा ठरावीक भागातील डॉक्टर-रुग्णालयांपुरत्या मर्यादित असतात. कागदावर साउथ डकोटाचे आणि देहाने ॲरिझोनात, अशा दाम्पत्याने हप्ता कमी पाहून दुसरी योजना घेतली, तर तातडीचे उपचार सोडून बाकीच्यांसाठी त्यांना अडचण येऊ शकते. गाडीच्या विम्यातही फरक असतो. सहलीसाठीच्या पॉलिसीत, पायरीवरून पाहुणा पडला तर घराच्या विम्यात मिळते तसे संरक्षण मिळेलच असे नाही. त्यासाठी फुल-टायमरची वेगळी पॉलिसी घ्यावी लागते.

या सगळ्या अडचणी ओळखून उभी राहिलेली एक संस्था येथे सांगण्याजोगी आहे. 'एस्केपीज आरव्ही क्लब' हा संघ जो आणि के पीटरसन या दाम्पत्याने १९७८ मध्ये स्थापन केला. ते स्वतः आरव्हीत राहणारे होते. टेक्सासमधील लिव्हिंग्स्टन या छोट्या गावी त्याचे मुख्यालय आहे. तेथील टपालसेवेमुळे त्या एका पत्त्यावर हजारो लोकांची नोंद आहे, आणि त्यांतील बहुतेक जण वर्षभर तेथे नसतात. याच संघाच्या प्रेरणेतून काही ठिकाणी सहकारी तत्त्वावरची पार्कही निघाली. तेथे सदस्य मिळून जमीन घेतात, प्रत्येकाला एक जागा वापरायला मिळते, आणि नियम सभेत ठरतात. आपल्याकडच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेशी हे रूप जुळते. वार्षिक सभेतील भांडणेही जुळत असावीत.

जमिनीचा प्रश्न

सहकारी पार्क हा अपवाद. बहुतेक पार्कांमध्ये गाडी राहणाऱ्याची आणि खालची जमीन मालकाची, अशी विभागणी असते. इमारतीत सदनिका स्वतःची असूनही जमीन विकासकाच्याच नावावर राहिल्याने मानीव अभिहस्तांतरणासाठी खेटे घालणाऱ्या महाराष्ट्रातील रहिवाशांना यातील मेख लगेच कळेल. फरक एवढाच, की इथे मालकाने करार संपवला तर घर उचलून निघता येते, असे कागदोपत्री मानले जाते.

प्रत्यक्षात ते तितके सोपे राहत नाही. पहिल्या वर्षी दाम्पत्य गाडीपुढे एक सतरंजी आणि दोन खुर्च्या मांडते. दुसऱ्या वर्षी लाकडी ओटा येतो, मग सावलीसाठी छप्पर, कुंड्या, अवजारांची छोटी खोली. ट्रेलर ओढणारा ट्रक विकून लहान मोटार घेतली जाते. दरम्यान गाडी उभ्या उभ्या म्हातारी होत असते. टायरची नक्षी जशीच्या तशी असली तरी उन्हाने रबर आतून चिरते. पाच ते सात वर्षांत टायर बदलावेत असा सल्ला दिला जातो तो यासाठीच. छताच्या सांध्यांतील लांबी सुकते. सात-आठ वर्षे न हललेली आरव्ही रस्त्यावर काढायची म्हणजे टायर, बेअरिंग, ब्रेक आणि ओढायला ट्रक, सारेच नव्याने. त्यातच पार्कच्या नियमानुसार गाडी आता दहा वर्षांची झालेली असते, म्हणजे दुसरा पार्क तिला घेईलच असे नाही. चाके असतात, जाता येत नाही.

कायद्याचे संरक्षण राज्यागणिक वेगळे आहे. ॲरिझोनात आरव्हीसाठी दीर्घ मुदतीने जागा भाड्याने देण्याबाबत स्वतंत्र कायदा आहे आणि तो सलग १८० दिवसांपेक्षा अधिक मुदतीच्या करारांना लागू होतो. कॅलिफोर्नियात नऊ महिने किंवा अधिक काळ राहिलेल्याला 'रहिवासी' मानून जास्तीचे हक्क दिले आहेत. याचा सरळ अर्थ असा, की महिन्या-महिन्याने भाडे भरणाऱ्या आणि वर्षभर राहणाऱ्या शेजाऱ्यांचे हक्क एकाच रांगेत असूनही सारखे नसतात. म्हणून पार्क निवडताना जलतरण तलाव किती मोठा आहे हे पाहण्याआधी करार किती मुदतीचा आहे आणि भाडेवाढीबाबत त्यात काय लिहिले आहे, हे वाचणे अगत्याचे ठरते. पूर्वी एखाद्या कुटुंबाच्या मालकीचे असलेले पार्क आता मोठ्या कंपन्यांकडेही गेले आहेत. शेअर बाजारात नोंदलेल्या इक्विटी लाइफस्टाइल प्रॉपर्टीज आणि सन कम्युनिटीज या दोन कंपन्यांकडे आरव्ही पार्क आणि तत्सम वसाहती मिळून शेकडो मालमत्ता आहेत. तेथे डागडुजी आणि सोयी अनेकदा चांगल्या असतात. भाडे मात्र भागधारकांकडे पाहून ठरते.

जमीन हातची जाते ती कधी निसर्गाच्या निमित्ताने. फ्लोरिडात फोर्ट मायर्स बीच येथे अगदी समुद्राला लागून 'रेड कोकोनट' नावाचे जुने आरव्ही पार्क होते. सप्टेंबर २०२२ मधील 'इयन' चक्रीवादळात ते उद्ध्वस्त झाले. नंतर ती जागा विकासकाकडे गेली. कित्येक वर्षे हिवाळा तेथे काढणाऱ्यांना परतण्यासाठी जागाच राहिली नाही. टेक्सासमध्ये ग्वाडालूप नदीला ४ जुलै २०२५ च्या पहाटे महापूर आला. त्यात शंभराहून अधिक लोक मृत्युमुखी पडले आणि काठावरच्या आरव्ही पार्कमधील गाड्याही वाहून गेल्या. नदीकाठची जागा म्हणजे पार्कातली सर्वांत महाग आणि सर्वांत मागणीची जागा. गाडीला चाके आहेत म्हणून वेळेवर निघता येईल हा भरवसा रात्रीच्या अंधारात, जोडण्या लावलेल्या आणि भिंती बाहेर सरकवलेल्या अवस्थेत कामाचा नसतो.

एकट्याची वेळ

हे सारे असूनही लोक पार्कमध्ये रमतात, याला कारण शेजार. सभागृहात सकाळी कॉफी, दुपारी पत्ते किंवा लाकूडकाम, आठवड्यातून एकदा प्रत्येकाने एकेक पदार्थ आणून केलेले सहभोजन. पिकलबॉलच्या मैदानावर सत्तरीतले खेळाडू सकाळी सहाला हजर असतात. उपनगरातल्या मोठ्या बंगल्यात आठवडाभर शेजाऱ्याचे तोंड न पाहिलेली माणसे इथे दहा फुटांच्या अंतरावर राहतात. आणि दोन दिवस खिडकीचा पडदा उघडला नाही तर कोणीतरी दार वाजवते.

जोडीदारांपैकी एक आजारी पडला किंवा गेला, की या शेजाराची खरी कसोटी लागते. एस्केपीज संघाने १९९० च्या दशकात लिव्हिंग्स्टनला यासाठी एक केंद्र सुरू केले. आजारी किंवा थकलेले सदस्य तेथे स्वतःच्याच आरव्हीत राहतात. जेवण, दिवसाची देखभाल आणि डॉक्टरकडे ने-आण केंद्र पाहते. अशी सोय अन्यत्र विरळाच. इतर ठिकाणी बहुधा मुलांच्या गावी, नाहीतर वृद्धाश्रमात जावे लागते, आणि गाडी मिळेल त्या किमतीला विकली जाते. घराची किंमत वर्षागणिक वाढण्याची सवय असलेल्या पिढीला गाडीची किंमत वर्षागणिक उतरते हे तेव्हा फार जाणवते. जाणकार म्हणूनच सल्ला देतात, की गाडी चालवणे, टाक्या सोडणे आणि विजेची जोडणी ही कामे दोघांनाही आलीच पाहिजेत. घर विकून आलेल्या रकमेतला काही भाग गाडीत न घालता बाजूला ठेवणे हा दुसरा सल्ला. 'परतीची पुंजी' म्हणता येईल अशी ही रक्कम फार थोडे लोक राखतात.

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. त्यामुळे आपल्याकडेही अशा गाड्या आणि त्यांचे तळ यांची चर्चा सुरू झाली. ते धोरण पर्यटनाचे आहे, वास्तव्याचे नव्हे. अमेरिकेत मुलांकडे सहा महिन्यांसाठी गेलेल्या मराठी आई-वडिलांना महामार्गावरून जाणाऱ्या या चालत्या घरांचे मोठे अप्रूप वाटते. पार्काच्या आतले आयुष्य मात्र त्यांच्या दृष्टीस क्वचितच पडते.

मेसामध्ये एप्रिल संपत आला की रांगाच्या रांगा रिकाम्या होतात. कायम राहणारी मोजकी दाम्पत्ये मागे उरतात. ती खिडक्यांना चकचकीत पत्रे लावतात, वातानुकूलन यंत्राच्या जाळ्या धुतात, आणि घसरत्या दाबावर नजर ठेवण्यासाठी खांबापाशी व्होल्टमीटर टांगतात. २०२३ च्या उन्हाळ्यात फीनिक्समध्ये सलग ३१ दिवस तापमान ११० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ४३ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक होते. मेसा ज्या मॅरिकोपा काउंटीत येते, तेथे त्या वर्षी उष्णतेशी निगडित ६४५ मृत्यूंची नोंद झाली. दोन इंच जाडीच्या भिंतींच्या घरात अशा दिवशी वीज गेली तर आतले तापमान तासाभरातच असह्य होते. म्हणून उन्हाळ्यात मागे राहिलेल्या या मंडळींनी परस्परांच्या गाड्यांच्या किल्ल्या शेजाऱ्यांकडे देऊन ठेवलेल्या असतात. कोणाचे यंत्र बंद पडले आहे, हे त्याच्या घरघरीवरून आधी शेजाऱ्यालाच कळते.